उपाशी पाठवायचे मासे

९ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, शेवटी कागद पुरत नाही. तू फोन करत नाहीस म्हणून ओरडत नाहीये. फोनवर तू "मी बरी आहे, तुम्ही बऱ्या आहात ना" एवढं बोलून मोकळी होतेस. पत्रात निदान चार ओळी जास्त पडतात.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्या लग्नापासून कुरकुरताहेत. बरी नाहीये ती आपली नदी. वरच्या अंगाला खडी काढायचं यंत्र आणून ठेवलंय. दिवसभर तळ खरवडतात, खडी तिथेच धुतात आणि गाळ खाली सोडून देतात. तू इथून गेलीस तेव्हा पाणी कसं निवळशंख होतं, आठवतं ना? झाडाचं पान पाण्यावर पडलं की पानाच्या आधी त्याची सावली दिसायची, तळाच्या रेतीवर. आता वरचे तीनही डोह दुधाळ झालेत. हात घातला तर मनगटाच्या पुढे आपला आपल्याला दिसत नाही.

तुझ्या सासऱ्यांनी तळाला काच बसवलेला तो पत्र्याचा डबा घेऊन मी अजून रोज सकाळी जाते. डबा पाण्यावर टेकवायचा, डोळा लावायचा, की आतलं सगळं घर उघडं. वरच्या डोहांत एकही चमकी दिसली नाही. चमकी ती केवढी, माझ्या करंगळीच्या पेराएवढीसुद्धा नाही, पण तिची निळी रेघ एकदा नजरेस पडली की दिवस बरा जातो. ती अंडी घालते पाण्यात पडलेल्या पानांच्या पोटाला. पानांवर गाळाची साय धरली की अंडी गुदमरतात. उरल्यासुरल्या चमक्या आता फक्त आपल्या घरामागच्या डोहात आहेत, उन्मळलेल्या झाडाच्या मुळांत. तिथे अजून गाळ आलेला नाही, पण येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आम्ही चार बायका मिळून कचेरीत जाऊन आलो. बाटलीत एक चमकी नेली होती. साहेबांनी बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "एवढ्याशा माशाचं करता काय? खाता?" मी म्हटलं, "बघतो." ते हसले. मलाही हसू आलं, पण माझं वेगळं होतं.

तर आता कामाचं. तू शहरातल्या त्या शोभेच्या माशांच्या दुकानात दिवसभर काचेच्या टाक्यांमध्ये असतेस. आपल्या चमक्या तिथे ठेवशील? यंत्र आज ना उद्या जाईल, नदी पुन्हा निवळेल. मग त्यांना इथे आणून सोडायचं. दोन वर्षं लागोत, पाच लागोत. माझ्यामागे सोडल्यास तरी चालेल, पण सोड. तुझे सासरे गेले, माझा मुलगा गेला, आता एवढं तरी जाऊ नये असं वाटतं.

— आई


१७ जानेवारी

आई, नमस्कार.

पत्र वाचून लगेच मालकांना विचारलं. आधी म्हणाले, "हे दुकान आहे, पाळणाघर नाही." मग दुपारी स्वतःच येऊन मागच्या भिंतीजवळची टाकी दाखवली. तिला एका कोपऱ्यात चीर आहे म्हणून ती गिऱ्हाइकाला देता येत नाही. चीर मी बुजवली. पाणी भरून ठेवलंय, तळाला रेती घातली, देशी बदामाची वाळलेली पानं टाकली म्हणजे त्यांना घरच्यासारखं वाटेल.

आता पाठवायचं कसं ते लिहिते. हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे काजव्याने सूर्याला उजेड दाखवायचा. तुमच्या घरात तीन पिढ्या मासे पकडून बाहेर पाठवताहेत. पण पिशव्या भरायचं काम तुमचा मुलगाच करायचा, म्हणून लिहिते. जाळी मऊ हवी. पकडल्यावर टबात, सावलीत ठेवायच्या. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, आणि एका पिशवीत वीसपेक्षा जास्त नकोत. बसच्या अठरा तासांना साधी हवा पुरणार नाही, सिलिंडरमधली, प्राणवायूची लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघायच्या आधी पुरते दोन दिवस काहीही खायला घालायचं नाही. पोट रिकामं असलं तर पिशवीतलं पाणी चांगलं राहतं. त्यांना उपास सोसतो, घाण पाणी सोसत नाही. हे म्हणायचे ना, "उपाशी जाईल तो पोचेल."

गुडघ्यांना तेल लावत जा.

— तुमची सून


३० जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद. खोकं घेऊन येणारा बसचा ड्रायव्हरच हा कागद देईल. त्याला चहा पाज. खोकं मांडीवर घेऊन बसायला त्याने क्लीनरला राजी केलंय, म्हणून क्लीनरलाही पाज.

पकडायला चार दिवस लागले. जुन्या मच्छरदाणीची झोळी शिवली आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. मागे धावलं तर चमकी हाती लागत नाही. गुपचूप उभं राहिलं की ती स्वतःच बघायला येते, ही कोण बया आलीय म्हणून. पायांना तोंड लावून जाते. मग झोळी हळूच वर. असं करत एकसष्ट जमल्या. तीनदा मोजल्या, कारण शाळा सुटल्यावरच्या पोरांसारख्या एका जागी राहतील तर शपथ. मुळांत आणखी आठ-दहा असतील, त्या काही माझ्या हाती लागल्या नाहीत.

दोन दिवस टब पडवीत सावलीत ठेवला होता. मीही तिथेच बसून. माझं बोट काठावर दिसलं की सगळ्या त्या कोपऱ्यात गोळा. तोंडं उघडायच्या, मिटायच्या. सूनबाई, उपाशी जीव मला समोर बघवत नाही. का ते तुला सांगायला नको, पण आज लिहिते, कारण त्या टबाकाठी दुसरं काही सुचलंच नाही.

माझा पाणकोंबडा, तुझा नवरा, त्या सकाळी ताटावरून उठून गेला. शहरात जायचं म्हणाला आणि माझी जीभ सुटली. "बापाचं पाणी सोडून जायचंय, तर माझ्या ताटात कशाला जेवतोस," असं म्हटलं मी. त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. घास, सूनबाई. तोंडाशी नेलेला. तू चुलीपाशीच होतीस, तू बघितलंस. मी ते ताट झाकून ठेवलं, संध्याकाळी येईल म्हणून. लोक म्हणाले पाणी वाढलं होतं, वाहत आलेला ओंडका फिरला आणि होडी उलटली. मला ते पटत नाही. चालायच्या आधी पोहायला शिकलेला माणूस बुडतो कसा? पोटात अन्नाचा कण नव्हता, चक्कर आली असणार. तीन वर्षं झाली, ते ताट माझ्यासमोरून हलत नाही.

असो. पिशव्या भरल्या. सिलिंडरची हवा धक्क्यावरच्या वेल्डिंगवाल्याने भरून दिली, वर म्हणतो, "मावशी, माशांना पण दवाखाना?" चार पिशव्या, प्रत्येकीला दोन-दोन रबर, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे. खोक्यावर "हळू" असं तिन्ही बाजूंनी लिहिलंय. चौथ्या बाजूला क्लीनर असेल.

पोचल्याबरोबर लिही. तोवर माझ्या जिवात जीव नाही.

— आई


३ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

चमक्या पोचल्या. दोन वाटेत दगावल्या, एवढ्या लांबच्या प्रवासात तेवढं होतंच. एकोणसाठ आहेत.

पहिला दिवस त्या कोपऱ्यात दबून होत्या. आता टाकीभर फिरतात. मागच्या काचेला मी काळा कागद लावलाय, त्यामुळे दिवा लावला की निळी रेघ डोळ्यापासून शेपटीपर्यंत लखलखते. मालकसुद्धा दोनदा येऊन बघून गेले. दुकानात येणारी माणसं विचारतात, विकायच्या आहेत का. मी नाही म्हणून सांगते.

तुम्ही आता निश्चिंत राहा. ड्रायव्हरला आणि क्लीनरला चहा पाजला.

— तुमची सून


२० फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद, आणि आज दुप्पट. तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. वेल्डिंगवाल्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग दवाखान्याचं बिल कुणाला लावू?"

आता सुखरूप पोचल्या आहेत म्हणून कबूल करते. तुझं सगळं ऐकलं, एक नाही ऐकलं. निघायच्या सकाळी त्यांना खायला घातलं. एक अंडं उकडलं, त्याचं पिवळं बोटांनी चुरून टबात सोडलं. काय तुटून पडल्या म्हणून सांगू! पोटं अशी फुगली की निळी रेघ वाकडी दिसायला लागली. माझ्या घरून निघालेला जीव पुन्हा उपाशी जाणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तुझ्या सासऱ्यांचा नियम, माझ्या पोराचा नियम, आता तुझा नियम, सगळे मला तोंडपाठ आहेत. पण बघ, पोचल्या की नाही! आयुष्यभर या पुरुषांनी त्या बिचाऱ्यांना उगाच उपास घडवले.

त्या सकाळी, तुला सांगते, तीन वर्षांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले. त्यांना घालून मग स्वतः बसले.

इथली खबर वाईट आहे. घरामागचा डोह गेला. आठवड्यापूर्वी यंत्र खाली सरकवलं आणि दोन दिवसांत पाण्याला चहाचा रंग आला. डबा टेकवला तर काचेपलीकडे नुसती भिंत. मुळं दिसत नाहीत, रेती दिसत नाही. राहिलेल्या आठ-दहा चमक्यांचं काय झालं ते बघायचीही सोय नाही. खंड्या पक्षी दोन दिवस फांदीवर बसून होता, तोही उठून गेला. म्हणजे आता आपल्या नदीच्या चमक्या म्हणजे तुझ्या टाकीतल्या त्या एकोणसाठ. बाकी कुठेच नाहीत. मी रडले, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, आहेत ना, पोरीकडे आहेत.

मी येते त्यांना बघायला. पुढच्या महिन्यात त्याच ड्रायव्हरच्या बसने. दोन दिवस राहीन, तुझ्या कामात लुडबूड करणार नाही. टाकीपुढे एक पाट टाकून दिलास की झालं.

— आई


२६ फेब्रुवारी
(हे पत्र टाकलं नाही)

आई,

त्या नाहीत.

खोकं उघडलं तेव्हा चारही पिशव्या गढूळ होत्या. मी पिशवी उजेडात धरली आणि तळाला पिवळा थर बघितला. मला तेव्हाच कळलं. एकसष्टच्या एकसष्ट तरंगत होत्या. तरी मी एकेक हातावर घेऊन बघितली, एखादी तरी कल्ला हलवेल म्हणून. मालक मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

तुम्हाला काय लिहू हे सुचेना. त्याच संध्याकाळी घाऊक बाजारात जाऊन एकोणसाठ चमक्या आणल्या. तळ्यात वाढवलेल्या, जात तीच. त्या टाकीत सोडल्या आणि तुम्हाला पत्र लिहिलं. वाटलं, तुम्ही इतक्या लांब, कोण येतंय बघायला. आता तुम्ही येताय, आणि अंड्याचं एवढ्या आनंदाने लिहिलंय. आई, मी कोणत्या तोंडाने


२६ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

तुम्ही यावं असं मलाही वाटतं, पण अठरा तास बसमध्ये तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही. शिवाय दुकानात रंगकाम निघणार आहे, टाक्या हलवाव्या लागतील. पावसाळ्यानंतर आलात तर बरं. चमक्या ठीक आहेत.

— तुमची सून


२४ मार्च

सूनबाई,

आशीर्वाद. काल घरी पोचले. गुडघ्यांनी अठरा तासांत चकार शब्द काढला नाही, आता सूड उगवताहेत.

तू नको म्हणत असताना आले, त्याबद्दल काय बोलायचं ते तू मनात बोलली असशीलच. तुझी खोली बघितली ते बरं झालं. खाली इस्त्रीचं दुकान, त्यामुळे दिवसभर गरम कपड्यांचा वास. मला खाट दिलीस आणि स्वतः जमिनीवर झोपलीस. डब्यातली साखर संपत आली होती, तर माझ्या चहात दोन चमचे घालून स्वतः बिनसाखरेचा प्यालीस आणि वर म्हणालीस, "हल्ली मला असाच आवडतो." मला सगळं दिसतं. जन्मभर त्या काचेच्या डब्यातून बघून बघून डोळे तसे झालेत.

मग टाकीतले मासे मला दिसले नसतील असं तुला कसं वाटलं?

आपल्या नदीतल्या चमकीची रेघ शेपटीपर्यंत जात नाही. शेपटीच्या अलीकडे तिळाएवढी जागा सोडून थांबते. तू तर तुझ्या पत्रातच लिहिलं होतंस, डोळ्यापासून शेपटीपर्यंत लखलखते म्हणून. मी समजले, पोर घाईत लिहितेय. टाकीपुढे बसले आणि एकीमागून एक बघत गेले. एकोणसाठ बघून झाल्या. एकही आपली नव्हती.

त्याच वेळी तू हातातलं फडकं पिळत माझ्या तोंडाकडे बघत उभी होतीस. म्हणून म्हटलं, "बाळसं धरलंय हो पोरींनी!" तुझे खांदे खाली आले, ते बघितलं आणि मी पुढचे दोन दिवस तेच नाटक चालू ठेवलं. तू खोटं लिहिलंस याचा राग नाही. माझ्यासाठीच लिहिलंस.

पण परत येताना बसमध्ये विचार करायला भरपूर वेळ होता. अंड्याचं पिवळं. तेच ना? तुम्ही सगळे ओरडून ओरडून सांगत आलात, खायला घालू नका. मीच शहाणी निघाले. वर तुला ऐटीत कळवलं, की बघ, पोचल्या की नाही. ते वाचून तुझं काय झालं असेल, याची मला आता लाज वाटते.

एकाला उपाशी पाठवलं, तो परत आला नाही. एकसष्ट जणींना खाऊ घालून पाठवलं, त्याही गेल्या. आता तूच सांग, माझ्या या हातांना झालंय तरी काय?

कुठेतरी त्या आहेत, एवढ्यावर मी रोज अंथरुणातून उठत होते. आता सकाळी जाग येते आणि काय करायचं ते कळत नाही. डबा खुंटीवर टांगलाय. बघायला काही नाही.

माझी समजूत घालू नकोस. कशाने गेल्या तेवढं लिही, आणि खरं लिही.

— आई


२ एप्रिल

आई,

हो. अंड्यानेच गेल्या. पिशव्यांच्या तळाला पिवळं होतं. उपाशी असत्या तर निदान चाळीस-पन्नास तरी जगल्या असत्या. तुम्ही खरं विचारलंत म्हणून हे खरं लिहिलं.

पण त्या तुम्ही मारल्या नाहीत. त्या मी मारल्या. कशा, ते आता लिहिते, आणि एका दमात लिहिते, नाहीतर हेही पत्र बाकीच्यांसारखं पेटीत राहील.

त्या सकाळी हे ताटावरून उठून गेले, आणि तुम्ही मागच्या दारी जाऊन बसलात. मी पटकन जेवणाचा डबा भरला आणि त्यांच्या मागोमाग धक्क्यावर गेले. होडी अजून बांधलेलीच होती. हे माझ्यासमोर जेवले, आई. होडीच्या काठावर बसून जेवले. ते उपाशी गेले नाहीत. चक्करबिक्कर काही आली नसणार. लोक सांगतात तसंच झालं असेल, वाढलेलं पाणी आणि फिरलेला ओंडका.

जेवताना म्हणाले, "आईला सांगू नकोस हं मी जेवलो ते. बसू दे संध्याकाळपर्यंत रुसून. मग बघ, आल्या आल्या स्वतःच्या हाताने भरवते की नाही." आम्ही दोघंही हसलो. मी डबा धुऊन पदराखाली लपवून घरी आणला. तुम्ही झाकलेलं ताट बघितलं, आणि मी काही बोलले नाही, कारण ती गंमत होती, आणि संध्याकाळी संपणार होती.

संध्याकाळी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आणलं.

तुम्ही त्यांच्या उशाशी बसून "उपाशी गेला, माझा पोरगा उपाशी गेला" म्हणत होतात तेव्हा मी दोन हातांवर होते. दोनदा तोंड उघडलं. सांगितलं नाही. कारण जेवले हे सांगितलं असतं, तर काय बोलले तेही तुम्ही विचारलं असतं. त्याच जेवणात आमचं ठरलं होतं, पुढच्या महिन्यात शहरात खोली घ्यायची, तुम्हाला तिथे एकटीला ठेवून. आणि शहराचं वेड त्यांचं नव्हतं, आई. माझं होतं. वर्षभर मी त्यांच्या मागे भुणभुण लावली होती. तुमच्यासमोर ते फक्त माझं बोलणं बोलले, आणि तुमची बोलणी त्यांनी खाल्ली.

आणखी एक आहे, ते लिहायला सगळ्यात जड जातंय. तुम्ही स्वतःला दोष देत होतात तोवर माझ्याकडे कुणाचं बोट वळत नव्हतं. मला ते बरं वाटत होतं. पुढे बरं वाटेनासं झालं, पण तोवर सांगायची वेळ निघून गेली होती. शहरात आले ती त्यांचं स्वप्न पुरं करायला नाही. तुमच्यासमोर जेवायला बसवत नव्हतं म्हणून आले.

मी तेव्हाच बोलले असते, तर तुम्ही त्या टबाकाठी बसून असं पोट तुटू दिलं नसतंत. इतकी वर्षं पाळलेला नियम मोडला नसतात. चमक्या उपाशी निघाल्या असत्या, पोचल्या असत्या, आज टाकीत असत्या. माझ्या गप्प बसण्याने गेल्या त्या.

मला माफ करा असं लिहीत नाही. ते मागायचं तोंड नाही मला. मी आता खाली जाऊन पत्र टाकते. पुन्हा वाचलं तर टाकायची नाही.

— सून


१२ एप्रिल

सूनबाई,

आज आशीर्वाद लिहीत नाही. हात होत नाही.

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही फाडली. त्यांत होतं ते सुनेला लिहू नये, कुणालाच लिहू नये. तीन वर्षं तू मला त्या ताटापुढे बसवून ठेवलंस. एक वाक्य, एवढंच सांगायचं होतं तुला. शहरात जायचं ठरलं होतं म्हणे! गेला असतात तर मी चार दिवस भांडले असते, आठ दिवस रडले असते, आणि नवव्या दिवशी तुमच्या खोलीत पाट मांडून बसले असते. जिवंत मुलगा शहरात जातो म्हणून कुठली आई मरते गं? आणि चमक्या तर गेल्याच. त्या कुणाच्या खात्यावर मांडायच्या, यावर तू आणि मी जन्मभर भांडलो तरी एकही परत यायची नाही. तू समोर असतीस तर मी काय केलं असतं ते मलाच माहीत नाही. हा राग लवकर जाईल असं समजू नकोस.

ते सगळं मागाहून. आधी मला एक सांग, आणि नीट आठवून सांग.

डब्यात काय होतं? भात किती घातला होतास? अंडं होतं का बरोबर? सगळं संपवलं, की काही ठेवलं? आणखी आहे का असं विचारलं का? घाईघाईत गिळलं की नीट मांडी घालून खाल्लं? मधेच हसला म्हणालीस, तेव्हा तोंडात घास होता का? ठसका लागला का? वरून पाणी प्याला का पोटभर?

उलट टपाली लिही. मोठं लिही, कागद लागतील तेवढे लागू देत. एक घासही गाळू नकोस.

— आई